चार मालकांचा गाळा

मुलुंडच्या पंप कंपनीत माल तपासणारा पोरगा नवीन होता. त्याने काशीरामला बसायला सांगितलं नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि पत्र्याच्या शेडखाली त्याच्या टेबलावर पंखा फिरत होता. टेबलाच्या या बाजूला मात्र वारा येत नव्हता. पोत्यातून मूठभर लोखंडी पिना काढून पोरगा एकेक पीन मापाच्या गेजच्या कड्यात घालून बघत होता. पीन आत जायची आणि खुळखुळायची. तो ती बाजूला टाकायचा. बाजूचा ढीग वाढत चालला तसा काशीरामच्या मानेवरचा घाम पाठीत उतरायला लागला.

‘‘सगळ्याच अशा नाहीत,’’ काशीराम म्हणाला. ‘‘चार मशीनचा माल एकत्र आहे. एका मशीनचा थोडा...’’

‘‘मी वेगळा करत बसू?’’ पोरगा म्हणाला. ‘‘सगळा घेऊन जा. महिनाअखेर नवीन करून आणा. नाहीतर साहेब घाटकोपरच्या पार्टीला काम देणार. मालकाला सांग तुझ्या.’’

‘‘मालक मीच.’’

पोराने पहिल्यांदा वर बघितलं. काशीरामचा शर्ट, चपला, नखांत बसलेलं काळं तेल.

‘‘म्हणजे आम्ही चौघं मालक,’’ काशीराम म्हणाला.

‘‘मग चौघांत ऐकतं कोण?’’

काशीरामने पोती स्वतःच उचलून टेम्पोत टाकली. हमालाला बोलावलं असतं तर तोही थांबून बघत राहिला असता.

जोगेश्वरीला, गुंफांकडे जाणाऱ्या रस्त्यामागे त्यांचा गाळा होता. पूर्वी चौघेही साकीनाक्याच्या एका कारखान्यात लोखंड कापायच्या लेथ मशीनवर होते. त्या मालकाने कारखाना बंद केला आणि शेवटपर्यंत दारात बसून राहिलेल्या कामगारांच्या हिशेबात जुन्या लेथ देऊन टाकल्या. बाकीच्यांनी त्या भंगारात घातल्या. काशीराम मात्र तिघांच्या घरी जाऊन जाऊन बसला. मरोळच्या गावठाणातला गिल्बर्ट, त्याच्यासारखाच पन्नाशीला टेकलेला. वयाने लहान पण हाताने नीटनेटका जयवंत. आणि बायकोचा भाऊ लवू. ‘‘मशीन आपल्या, हात आपले, मग मालक कशाला पायजे?’’ असं काशीराम तेव्हा म्हणाला होता. ते ऐकून गिल्बर्टच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बंद कारखान्यांतल्या कामगारांसाठी वसुधाताईंची अंधेरीत संस्था होती. त्यांनी सहकारी संस्थेची नोंदणी करून दिली. अध्यक्ष म्हणून काशीरामचं नाव घातलं, कारण कोणाचं तरी घालायला हवं होतं.

या गोष्टीला दोन पावसाळे झाले होते. आता गाळा झाडायचा काशीरामने, पाणी भरायचं काशीरामने, कंपनीच्या शिव्या खायच्या काशीरामने. बाकीचे मालक होते.

त्याने पोती आणून टाकली तेव्हा लवूच्या मशीनवर लवू नव्हता.

‘‘तिकीट काढायला गेलाय,’’ जयवंत म्हणाला. ‘‘गावाला चाललाय ना. एस.टी.चं.’’

‘‘कधी?’’

‘‘परवा.’’

काशीरामने एका पोत्याचं तोंड सोडलं आणि पिना जमिनीवर ओतल्या. गिल्बर्टने आपली मशीन बंद केली, चष्मा वर केला आणि वाकून एक पीन उचलली.

‘‘ही लवूची,’’ तो म्हणाला. ‘‘शेवटचा हात घाईत मारतो तो. बघ, सैल आहे.’’

‘‘मग तेव्हा बोललास का नाही?’’

‘‘मी कशाला बोलू? तुझा मेव्हणा.’’

लवू काशीरामच्याच खोलीत राहायचा. चाळीतली दहा बाय बाराची खोली, मधे साडीचा पडदा, लवू बाहेर गॅलरीत झोपायचा. संध्याकाळी काशीराम घरी आला तेव्हा सुलक्षणा दारात पाट टाकून बसली होती आणि कानशीने पिनांच्या कडांची धार मारत होती. हे तिचं काम. कोणी सांगितलं नव्हतं, पण गाळा सुरू झाल्यापासून ती ते करत होती. तिच्या बोटांवर बारीक काळ्या चिरा पडल्या होत्या, कोकम लागलं की झोंबायचं.

‘‘ठेव त्यो,’’ काशीराम म्हणाला. ‘‘सगळा परत इला. फुकट घासतंस.’’

तिने हातातली पीन पूर्ण घासली आणि मगच कानस खाली ठेवली.

लवू आत भिंतीला टेकून बसला होता. पायाशी नवीन पिशवी, तिच्यात नवी लुंगी, कोणासाठी तरी काचेच्या बांगड्यांचा डबा.

‘‘लवू, गावाक जावचा नाय,’’ काशीराम म्हणाला. ‘‘माल परत इलो हा. महिनाअखेर देवक होयो.’’

‘‘चुलत्याच्या चेडवाचा लगीन असा, भावोजी. माका मांडव घालूचो असा.’’

‘‘मांडव दुसरो कोणीय घालीत.’’

‘‘पिनापण दुसरो कोणीय करीत,’’ लवू म्हणाला. तो हसला नव्हता, पण काशीरामला तो हसल्यासारखाच वाटला.

‘‘रजा नाय. मी सांगतंय.’’

‘‘रजा?’’ लवू ताठ बसला. ‘‘रजा देणारे तुमी कोण? चार मालक म्हणून तुमीच सांगितलात ना आमका? मगे मी माझी रजा मीच घेतलंय.’’

काशीरामने सुलक्षणाकडे बघितलं. ती स्टोकडे तोंड करून बर्नरला पिन मारत होती. स्टो पेटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

‘‘तू तरी सांग तेका,’’ तो म्हणाला.

‘‘मी काय सांगू? तुमी दोगे मालक. मी कोण?’’

तो तिच्यावर ओरडला. स्टोच्या वासावरून, भांड्यावरून, काहीबाही. शेजारच्या मालनने गॅलरीत डोकावून बघितलं आणि दार लोटून घेतलं. मग सुलक्षणा ताट वाढताना हळू म्हणाली, ‘‘गाळ्यात बोलूक तुमका तोंड नाय. हंय मातर सगळा सुटता.’’

लवू ठरल्या दिवशी गेला.

त्याच आठवड्यात वसुधाताई गाळ्यात आल्या. खांद्याला शबनम, केस अर्धे पांढरे, उन्हाने तोंड लाल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘काशीराम, रविवारी अंधेरीला शिबिर आहे. नेतृत्व या विषयावर. मोठी माणसं येणार आहेत. तुम्ही या. ऐकून तर बघा.’’

‘‘ताई, रविवारी पण मशीन चालवायला लागणार.’’

‘‘म्हणूनच या,’’ त्या म्हणाल्या.

तो धुतलेला शर्ट घालून गेला. लग्नाचा हॉल होता. लोखंडी घडीच्या खुर्च्या, खिडक्यांना निळे पडदे. पहिले बोलले ते मोठे उद्योजक. पत्र्याच्या खोलीत एका ड्रिलिंग मशीनवर सुरुवात केलेली, आता तीन कारखाने. माणूस खरा वाटत होता. त्याच्या एका बोटाचं पेर तुटलेलं होतं. तो म्हणाला, ‘‘पहिली गोष्ट वेळ. मी सख्ख्या भावाला दाराबाहेर उभं केलंय. त्या दिवशी माझी आई जेवली नाही. पण त्या दिवसापासून कारखाना चालायला लागला.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. काशीरामने पण वाजवल्या.

नंतरचे पाहुणे अनाथ मुलांसाठी आश्रम काढलेले गृहस्थ होते. खादीचा झब्बा, आवाज अगदी हळू. ते म्हणाले, ‘‘आमच्या संस्थेला कुलूपच नाही. माणसावर विश्वास टाकला की तो पेलतो. पळून गेलेली मुलं सुद्धा परत येतात, कारण दार उघडं असतं.’’ यालाही टाळ्या पडल्या. काशीरामला हेही खरं वाटलं. तेच त्याच्या डोक्याला लागलं. दोन्ही माणसं खरी होती.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा तो उभा राहिला.

‘‘आमच्यात काम देणारे आम्हीच, घेणारे आम्हीच,’’ तो म्हणाला. ‘‘मग दार कोणी लावायचं?’’

हॉल हसला. वाईट हसला नाही, कौतुकानेच हसला. उद्योजकांनी आश्रमवाल्यांकडे हात केला, आश्रमवाल्यांनी उद्योजकांकडे. ‘‘प्रश्न फार चांगला आहे,’’ सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘यावर आपण चहानंतर बोलू.’’ चहानंतर दोन्ही पाहुणे गाडीने गेले.

काशीराम बाहेर पायरीवर बसला. वसुधाताई कप घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

‘‘तुम्ही सांगा ताई. तुमची तर एवढी मोठी संस्था.’’

त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. ‘‘मागच्या महिन्यात आमच्या संस्थेतल्या मुलींनी मला बसवून सांगितलं, ताई, तुम्ही आठवड्यातून दोन दिवसच येत जा. तुम्ही समोर असलात की आम्हाला सुधरत नाही. मी शिकवून तयार केलेल्या मुली.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय. मी रोज जाते,’’ वसुधाताई म्हणाल्या आणि हसल्या. पण कप रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसून राहिल्या.

त्या आठवड्यात काशीरामने आश्रमवाल्यांचं ऐकलं. कोणाला काही बोलला नाही. जयवंत उशिरा आला, बोलला नाही. गिल्बर्ट मरोळच्या चर्चमधल्या कसल्या कामासाठी दुपारीच गेला, बोलला नाही. त्याने फक्त स्वतः जास्त काम केलं. स्वतःच्या मशीनवर एक जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चढवायचा, तो कापला जातोय तोवर लवूच्या मशीनवर दुसरा. पत्रा इतका तापायचा की दुपारी मशीनच्या टूलपोस्टला हात लावला की चटका बसायचा. पाण्यात मिसळलेलं तेल उडून त्याच्या हातांवर पुरळ आलं होतं. घरी सुलक्षणा त्यावर खोबरेल लावायची आणि तो तसाच जमिनीवर पसरायचा. पण विश्वास कोणी पेलला नाही. माल निम्मासुद्धा झाला नाही.

लवू आला तो सांगितलेल्या दिवसानंतर आणखी बरेच दिवस लावून. रंग रापलेला, केसांना नवीन तेल, करंडीत आंबे. घरी येऊन त्याने आंबे सुलक्षणाला दिले, गॅलरीत झोपला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या नळावर गाववाल्यांशी लग्नाच्या गप्पा मारत बसला. काशीराम त्याच्या बाजूने कळशी भरून गेला, गाळ्यात गेला, लेथ सुरू केली. जयवंत आला. गिल्बर्ट आला. मग काशीरामने गाळ्याचं शटर खाली ओढलं आणि आतून कडी घातली.

‘‘हे काय करतो?’’ गिल्बर्टने विचारलं.

‘‘वेळ झाली. आता कोणी आत येणार नाही.’’

थोड्या वेळाने शटरवर थाप पडली.

‘‘भावोजी?’’

काशीरामने लेथचा चक फिरवला.

‘‘भावोजी, मी लवू. शटर अडाकला काय?’’

‘‘अडकलं नाही,’’ काशीराम आतून ओरडला. ‘‘वेळेवर यायचं असेल तर उद्या ये. आज गेट बंद!’’

हे शब्द तोंडातून गेले आणि जयवंतचा हात मशीनवरच थांबला. ‘आज गेट बंद.’ साकीनाक्याचा मालक रोज सकाळी घड्याळाकडे बघून हेच म्हणायचा. याच शब्दांवरून भांडण पेटलं होतं आणि चौघे कितीतरी दिवस त्या बंद फाटकासमोर गोणपाटावर बसून राहिले होते. काशीराम सगळ्यांच्या पुढे बसायचा.

गिल्बर्टने आपली मशीन बंद केली. जयवंतने पण केली.

‘‘तुम्हाला काय झालं?’’ काशीराम म्हणाला. ‘‘माल त्याच्यामुळे परत आला. तूच म्हणालास, गिल्बर्ट, शेवटचा हात घाईत मारतो.’’

‘‘मारतो,’’ गिल्बर्ट म्हणाला. ‘‘त्याला दोन थोबाडीत दे, मी धरतो त्याला. पण हे नाय, काशी. हे मी परत नाय बघणार.’’

त्याने कडी काढून शटर पोटापर्यंत वर केलं आणि वाकून बाहेर गेला. जयवंत त्याच्या मागून गेला. काशीरामने रागाने शटर पुन्हा खाली आपटलं आणि कडी घातली. बाहेर तिघे गटाराच्या कट्ट्यावर बसल्याचं त्याला कळलं. लवू त्यांना लग्नाचं सांगत नव्हता. नुसता काडेपेटीवर काडी ओढल्याचा आवाज आला.

काशीरामने चारही मशीन सुरू केल्या.

एक माणूस चार लेथ चालवू शकत नाही हे त्याला माहीत होतं. पण त्याच्या अंगात काहीतरी शिरलं होतं. तो एकीवरून दुसरीवर धावत होता. टूल सरकव, तेल सोड, जॉब काढ, दुसरा लाव. लोखंडाची गुंतवळ निळी होऊन निघत होती, गरम, वेटोळी वेटोळी. घामाने डोळे झोंबत होते. ‘मी काढला हा गाळा,’ तो मोठ्याने म्हणत होता, ‘मी दारोदार फिरलो, मी!’ मशीनच्या आवाजात त्याचं त्यालाही नीट ऐकू येत नव्हतं.

लवूच्या लेथवर गुंतवळ जॉबभोवती गुंडाळत चालली होती. ती आकड्याने ओढायची असते. आकडा पलीकडच्या मशीनवर राहिला होता. त्याने हाताने ओढली.

पहिल्यांदा काही वाटलं नाही. मग तळवा गरम झाला. बघतो तर अंगठ्याखालून पार मनगटापर्यंत मांस उघडं. रक्त तेलाच्या पांढऱ्या पाण्यात मिसळून ट्रेमध्ये गुलाबी होत चाललं होतं. डाव्या हाताने त्याने ती मशीन बंद केली, मग दुसरी, मग तिसरी. चौथीपर्यंत न जाता तो शटरकडे वळला. शटरची कडी डाव्या हाताने निघेना. त्याने शटरवर लाथ मारली.

‘‘काशी?’’ बाहेरून गिल्बर्ट.

‘‘कडी,’’ काशीराम म्हणाला. ‘‘कडी निघत नाय.’’

बाहेरून त्यांनी शटर हलवलं, आतून त्याने कोपराने ढकललं, कडी सुटली. गिल्बर्टने अंगातला शर्ट काढून त्याच्या हाताला आवळून बांधला. जयवंतने चौथी मशीन बंद केली. लवू रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा घेऊन आला. रिक्षात तो काशीरामच्या बाजूला बसला आणि त्याचा हात मनगटाला धरून दवाखाना येईपर्यंत वर उचलून ठेवला. त्याच्या नव्या लुंगीवर रक्त ठिबकत होतं. टाके पडले, सुलक्षणा येऊन पोहोचली, तसा लवू निघून गेला. घरी आला नाही. दहिसरला गाववाल्यांची खोली होती, तिथे राहायला गेला. त्याची पिशवी न्यायला दुसराच कोणीतरी आला.

सुलक्षणा नवऱ्याला भाताचे घास भरवायची आणि बोलायची नाही. एकदाच म्हणाली, ‘‘माझ्या भावाक तुमी भायर काढलात. बरा केलात की वायट, माका ठावक नाय. पण माका आधी सांगूचा होता.’’

हात गळ्यात अडकवून काशीराम गाळ्यात गेला तेव्हा तिघे कामावर होते. लवूपण होता. त्यांनी मशीन थांबवल्या.

‘‘मला अध्यक्ष नको,’’ काशीराम म्हणाला. ‘‘दुसरा कोणी व्हा.’’

गिल्बर्टने फडका उचलला.

‘‘व्हा ना! रोज म्हणता ना, तू कोण, तू कोण. आता व्हा कोण ते. लवू?’’

लवूने मान फिरवली.

‘‘जयवंत?’’

‘‘मला नको, काशीभाऊ. मुलुंडला जाऊन शिव्या खायच्या, इथे येऊन पण खायच्या. माझ्याने नाय होणार.’’

काशीरामला हसू आलं आणि रडूही आलं. दोन वर्षं जे त्याच्या डोक्यावर होतं ते फुकट द्यायला काढलं तरी घ्यायला कोणी तयार नव्हतं.

गिल्बर्ट हात पुसत होता. ‘‘पावसाळा संपेपर्यंत मी बघतो,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘पण दोन गोष्टी. लवू, तुझी पीन तूच तपासायची, सैल निघाली तर तूच फिरून करायची. आणि काशी, मी बोलतो तेव्हा मधे तोंड घालायचं नाय. एकदा पण नाय.’’

‘‘नाय घालणार,’’ काशीराम म्हणाला. आणि तेव्हापासून तोंड आवरणं हेच त्याचं सगळ्यात कष्टाचं काम झालं.

महिनाअखेर झाला तेवढा माल घेऊन गिल्बर्ट मुलुंडला गेला. परत येऊन म्हणाला, माल घेतला, पण पुढचं अर्धं काम घाटकोपरच्या पार्टीला दिलं. काशीरामच्या जिभेवर आलं, की मी गेलो असतो तर साहेबाला जाऊन भेटलो असतो, त्या पोरासमोर उभा राहिलो नसतो. तो गाळ्याबाहेर जाऊन पाणी प्यायला आणि आत आला. गिल्बर्टने गाळा झाडायच्या पाळ्या लावल्या. काशीराम दोन वर्षं हेच सांगत होता. त्याचं कोणी ऐकलं नव्हतं. गिल्बर्टचं ऐकलं. का ऐकलं ते त्याला कळेना, आणि हे न कळणं हाताच्या टाक्यांपेक्षा जास्त ठणकत होतं.

टाके काढायला तो सकाळी दवाखान्यात गेला आणि रांगेत अडकला. गाळ्यात पोहोचला तेव्हा दुपार झाली होती.

‘‘काशी,’’ गिल्बर्ट सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘जायचं होतं तर काल सांगायचं. पिना मोजून भरायचं काम तुझ्याकडे दिलेलं, टेम्पो येऊन रिकामा परत गेला.’’

काशीरामच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हा गाळा कोणी काढला, हे विचारायला तोंड उघडलं. जयवंत खाली बघत होता. लवू मात्र बघत होता, त्याच्याच तोंडाकडे, डोळे न हलवता.

‘‘चुकलं,’’ काशीराम म्हणाला. ‘‘सांगायला पायजे होतं.’’

तो जाऊन पोत्याजवळ बसला आणि डाव्या हाताने पिना भरायला लागला. मशीन सुरू झाल्या.

संध्याकाळी तो घरी आला आणि पाठोपाठ जिन्यात पावलं वाजली. लवू होता. हातात कागदात गुंडाळलेले बांगडे. त्याने ते सुलक्षणाच्या हातात दिले, चपला काढल्या आणि नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसला. सुलक्षणाने त्याच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि विळी काढून मासे साफ करायला घेतले. कालवणातल्या तिरफळांचा वास खोलीभर झाला.

तिने दोघांना समोरासमोर वाढलं. काशीरामचा उजवा हात अजून मिटत नव्हता. डाव्या हाताने तो बांगडा उकलायला बघत होता, मांस कालवणात विरत होतं आणि काटे घासात येत होते. एक काटा त्याने ताटाच्या कडेला थुंकला. दुसरा अडकला, खोकला आला.

लवूने काही न विचारता त्याचं ताट आपल्याकडे ओढलं. खाली मान घालून काटे काढायला लागला. मधला काटा अलगद सोडवला, बाजूचे बारीक काटे बोटांनी चाचपून काढले, आणि मांस भातावर ठेवून ताट परत सरकवलं.

काशीरामला ते नको होतं. पण भूक लागली होती. त्याने एक घास घेतला, जिभेने चाचपला आणि थांबला.

‘‘काटो रवलो हा,’’ तो म्हणाला. ‘‘नीट बघून काढ.’’

स्टोजवळ सुलक्षणाचा हात थांबला. लवूने त्याच्याकडे बघितलं. मग त्याने ताट पुन्हा ओढून घेतलं, दिव्याच्या उजेडात धरलं, आणि शोधायला लागला.